९८ सालच्या पेन्टियम एमएमएक्समध्ये थ्रीडी कार्ड टाकायचंय, वूडू १ घेऊ का वूडू ३?

जुनंखोकं
नमस्कार मंडळी, बाबांनी १९९८ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून असेम्बल करून आणलेला पीसी माळ्यावरून काढलाय आणि तो चक्क चालू झाला. पेन्टियम एमएमएक्स २०० मेगाहर्ट्झ, इंटेल ४३०टीएक्स चिपसेट, ३२ एमबी रॅम, एस३ व्हर्ज डीएक्स ४ एमबी ग्राफिक्स कार्ड, आयसा स्लॉटमध्ये साऊंड ब्लास्टर १६, विंडोज ९८. एजीपी (ग्राफिक्स कार्डाचा खास) स्लॉट नाहीये, पीसीआय आहेत आणि दोन रिकामे आहेत. आता मला त्यावर त्याच काळातले गेम त्याच काळातल्या थ्रीडी कार्डावर चालवायचेत. व्हर्जवर थ्रीडी मोड लावला की गेम साध्या मोडपेक्षा हळू चालतो! जुन्या सामानाच्या ग्रुपवर ३डीएफएक्स कंपनीची तीन थ्रीडी कार्डं विकायला दिसतायत, वूडू १ (४ एमबी), वूडू २ (१२ एमबी) आणि वूडू ३ २००० पीसीआय. पैसे साठवून सगळ्यात ताकदीचं घ्यावं का? डॉसबॉक्स वगैरे (नव्या कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणारी सॉफ्टवेअरं) प्लीज सुचवू नका, ते वापरतो मी, मला हेच मशीन चालवायचंय.

व्होल्टमीटर
वूडू १ घे, डोळे झाकून. कारण सांगतो. त्या काळच्या कार्डांमध्ये त्रिकोण कुठे पडणार, कुठला कोपरा कुठे येणार हे सगळं गणित सीपीयूच करायचा, कार्डाचं काम फक्त त्या त्रिकोणात टेक्स्चर भरणं. ते गणित घरगुती कार्डावर आलं थेट १९९९ च्या जीफोर्स २५६ पासून. म्हणजे तुझा एमएमएक्स २०० जेवढे त्रिकोण देऊ शकतो तेवढेच कार्डाला मिळणार, पुढे वूडू ३ लाव नाहीतर अजून काही लाव, ते बिचारं सीपीयूची वाट बघत बसणार. वूडू १ आलं १९९६ मध्ये, ६४०×४८० रिझोल्यूशन, १६ बिट कलर, आणि तुझ्या प्रोसेसरशी त्याची जोडी बरोबर जमते. जीएलक्वेक (क्वेक गेमची थ्रीडी कार्डासाठीची आवृत्ती) एकदा त्यावर बघ, सॉफ्टवेअर मोडमधले ते चौकोनी ठोकळे जाऊन भिंती गुळगुळीत दिसतात, पाण्यातून पलीकडचं दिसतं (मॅप तसा बनवलेला असेल तर), आणि हे ३२ एमबी रॅमवर. मला आजही ते बघून भारी वाटतं.

आणि एस३ कार्ड काढू नकोस. वूडू १ ला टूडी येतच नाही, त्यामुळे दोन्ही कार्डं लागतात. व्हर्ज थ्रीडीला कितीही मंद असलं तरी डॉसच्या गेमना त्याच्याइतकं गुणी कार्ड शोधून सापडणार नाही.

पीसीआय_प्रेमी
व्होल्टमीटरदादा, सीपीयूचं पटलं, पण एका गोष्टीवर नाही पटत. वूडू १ आणि २ दोन्हीला मागून पासथ्रू केबल लागते, म्हणजे एस३ चं आउटपुट केबलने वूडूत जातं आणि वूडूतून मॉनिटरला, त्यात विंडोजचा डेस्कटॉप थोडा तरी धूसर होतोच, १०२४×७६८ ला तर अक्षरं बघून लगेच कळतं. वूडू ३ २००० एकच कार्ड आहे, टूडी थ्रीडी दोन्ही त्यातच, १६ एमबी मेमरी, १४३ मेगाहर्ट्झ, पिक्चर एकदम स्वच्छ. उद्या के६-२ (एएमडीचा जास्त वेगवान प्रोसेसर) टाकावासा वाटला तर तेव्हाही तेच कार्ड कामाला येईल. आणि वूडू २ ला एवढं बाजूला नका टाकू, त्यात ट्रँगल सेटअप, म्हणजे त्रिकोण भरण्याआधीचं शेवटचं गणित, कार्डावर आलंय, सीपीयूचं थोडं तरी ओझं कमी होतं.

व्होल्टमीटर
@पीसीआय_प्रेमी धूसरपणाचं बरोबर आहे, पण जुनंखोकं गेम खेळायला मशीन लावतोय, पत्रं टाइप करायला नाही, आणि चांगली जाड शील्डिंगवाली केबल घेतली की ८००×६०० ला फरक जाणवत नाही. माझा मुख्य मुद्दा ग्लाइडचा आहे, म्हणजे गेमने वूडू कार्डाशी बोलायची ३डीएफएक्सची स्वतःची लायब्ररी. ९६-९७ च्या काही डॉस गेममध्ये ग्लाइड लायब्ररी गेमच्या आतच बांधलेली आहे, ती फक्त वूडू १ ओळखते. ते गेम वूडू २ वर कधी खटपट करून चालतात कधी नाहीच, वूडू ३ वर तर अजून अवघड. त्याला त्याच काळातले गेम हवेत म्हणतोय ना, मग त्या काळातलंच कार्ड हवं. के६ टाकशील तेव्हा वूडू ३ चा विचार कर.

तांब्याचीतार
कार्डाआधी थोडं ऐका, माळ्यावरचं मशीन आहे. पॉवर सप्लाय जुना एटी असेल तर पी८ आणि पी९ कनेक्टर लावताना काळ्या वायरी मधे एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, उलटं लावलंत तर बोर्ड गेला. सप्लाय उघडून फुगलेले कपॅसिटर आहेत का ते जाणकाराला दाखवा, स्वतः हात घालू नका, आत चार्ज राहतो. पावसाळ्याची ओल खाऊन स्लॉटच्या आणि कार्डाच्या पट्ट्या काळ्या पडतात, कार्डाची पट्टी खोडरबरने हलक्या हाताने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

रॅम वाढवायची झाली तर ६४ एमबीवर थांबा. ४३०टीएक्स पहिल्या ६४ एमबीच्या पुढचं कॅश (वेगवान छोट्या मेमरीत) करत नाही आणि विंडोज ९८ वरच्या बाजूने मेमरी वापरतं, त्यामुळे १२८ टाकलीत तर मशीन उलट मंदावतं.

सगळ्यात महत्त्वाचं, हार्डडिस्कची इमेज आजच काढून ठेवा. बाबांची पत्रं, हिशेब काही असतील तर ते श्रीलिपी वगैरे जुन्या फॉन्टमध्ये असण्याची शक्यता आहे, नुसत्या फाइल कॉपी करून भागणार नाही, विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधले फॉन्टही उचला, नाहीतर नव्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं दिसतील.

जुनंखोकं
तांब्याचीतार काका, खूप खूप आभार, फॉन्टचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. आत्ताच बघितलं, बाबांनी सोसायटीची सगळी इतिवृत्तं आणि आजोबांच्या आठवणी त्यात टाइप करून ठेवल्यात, आधी तेच काढतो. वूडू १ चं नक्की केलंय, विकणारा पुण्याचा आहे, प्रत्यक्ष जाऊन बघता येईल. घेताना काय काय तपासू?

व्होल्टमीटर
टॉर्च घेऊन जा. चिपच्या चारी बाजूंच्या बारीक पिना बघ, कार्डं एकावर एक रचून ठेवली की त्या वाकून एकमेकींना चिकटतात, मग स्क्रीनवर रेघा नाहीतर रंगीत ठिपके येतात. चालू करून दाखवायला सांगच, डॉसमध्ये मोजो नावाची ३डीएफएक्सची छोटी युटिलिटी आहे, ती कार्ड ओळखते का आणि मेमरी किती दाखवते ते बघ, ४ एमबीच्या कार्डात २ एमबी फ्रेमबफर (स्क्रीनच्या चित्रासाठी) आणि २ एमबी टेक्स्चरसाठी असायला हवी. नुसता डेस्कटॉप दिसला म्हणजे कार्ड चांगलं असं नाही, तो एस३ वरून येतो, थ्रीडी गेम पाच-दहा मिनिटं तरी चालवून बघ. मोड बदलताना कार्डातून टक् आवाज आला तर घाबरू नको, ऑर्किड कंपनीच्या वूडू १ कार्डात रिले (छोटा यांत्रिक स्विच) आहे, त्याचा आहे तो. पासथ्रू केबल बरोबर मागून घे.

घरी आल्यावर एस३ चा ड्रायव्हर तसाच राहू दे, वूडू लावून मशीन चालू केलंस की विंडोज त्याला पीसीआय मल्टिमीडिया व्हिडिओ डिव्हाइस म्हणून पकडेल, तिथे कॅन्सल कर आणि ३डीएफएक्सचा रेफरन्स ड्रायव्हर टाक. अडलं तर इथेच बोर्डाच्या फोटोसकट टाक, बघू.