कच्छच्या किनाऱ्यावर जलरंग: लखपत, कोटेश्वरला बसून रंगवलंय का कुणी?

गोडोलीकर
मी साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवतो. डिसेंबरच्या सुट्टीत मित्राबरोबर कच्छला चाललोय. पांढऱ्या रणात सगळेच जातात. मला लखपत, कोटेश्वर, नारायण सरोवर हा खाडीकडचा उजाड किनारा जागेवर बसून करायचाय. आजवरचं काम म्हणजे मेणवलीचा घाट, कासचा रस्ता, अजिंक्यतारा. झाडं, दगड, सावल्या सगळं हाताशी. तिथं नुसती सपाटी! ट्यूबचे जलरंग नेतोय. कोरड्या हवेत वॉश (पातळ रंगाचा सलग हात) ओला टिकवायचा कसा? आणि अशा जागी चित्रात पकडायचं तरी काय?

म्हसवडचा_माळ
सर, दुसरा प्रश्न आधी घेतो. पहिल्यावर औषध आहे, दुसऱ्यावर नाही.

आपल्याकडच्या माणसाचा हात तिथं गेल्यावर झाड शोधायला लागतो. नाहीच सापडलं तर उंट घालतो. घालू नका. कोटेश्वरला ओहोटी लागली की देवळाखाली चिखल उघडा पडतो, पलीकडे कोरी खाडीच्या पाण्याची बारीक रेघ, वर आकाश. तिन्हीचे टोन (गडद-फिकेपणा) इतके जवळचे की अर्धे डोळे मिटले तर एकच होतात. चित्र आहे ते तिथंच. एक गंमत सांगतो: ओला चिखल उभं राहून पाहिला तर काळपट दिसतो, खाली बसलात की आकाश त्यात उतरतं आणि तोच चिखल कोरड्या वाळूपेक्षा उजळ होतो. म्हणून कुठं बसायचं ते आधी ठरवा, मग पेन्सिल उचला. पाण्याची कडही पहिल्यांदाच आखून टाका आणि तिलाच धरून राहा. भरती यायला लागली की बघता बघता अर्धा देखावा बुडतो.

लखपतचा मामला वेगळा. सुमारे सात किलोमीटरचा तट आणि आत मोजकी घरं. 1819 च्या भूकंपात उत्तरेला अल्लाह बंद नावाचा जमिनीचा लांबलचक उंचवटा वर उचलला गेला, सिंधूचं पाणी तुटलं आणि बंदर बसलं. ते प्रमाण, एवढी भिंत आणि आत काहीच नाही, कागदावर आलं पाहिजे. नुसता बुरूज काढायचा तर आपला अजिंक्यतारा काय वाईट आहे?

आता वॉश. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर पसरा, खालची ओल बराच वेळ पुरते. पाण्यात ग्लिसरीन थेंबभर टाका, पण बेतानं; जास्त झालं की रंग चिकट राहतो. कागदावर थेट ऊन नको. उन्हात कागद इतका झळाळतो की आपण टोन गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र मळकट दिसतं. छत्री पांढरी किंवा काळी घ्या, रंगीत नको. गॉगल खिशात.

जतकर
माळदादा बरोबर बोलले. मी भर घालतो. जायच्या आधी दहिवडीकडं नाहीतर आमच्या जतला येऊन दुपारची दोन चित्रं करा. समुद्र नाही, पण झाडाशिवाय जमीन कशी रंगवायची ते कळतं. डिसेंबरात तिकडं सूर्य साताऱ्यापेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा उगवतो, तेव्हा गजर लावताना हिशेब करा. सीमा जवळ आहे, ओळखपत्र बाळगा. चौकी, टॉवर चित्रात घेऊ नका आणि जवानांनी हटकलं तर वाद नको, वही उघडून दाखवा.

गोडोलीकर
आभारी आहे दोघांचा. एक राहिलं. खाडीचंच पाणी रंगात वापरलं तर? मिठामुळं छान दाणेदार पोत येतो म्हणतात. जागेचा अंशही चित्रात राहील.

म्हसवडचा_माळ
कल्पना झकास, पण साताऱ्याचा पाऊस विसरलात सर! मीठ कागदात मुरून बसतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढायला लागतं. जुलैत तुमच्याकडं तेवढी असतेच. भिंतीवरचं चित्र ओलसर होईल, मग बुरशी. प्यायचं पाणीच कॅनमध्ये न्या, ब्रश धुवायलाही तेच. दाणा हवाच असेल तर अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) भरपूर पाण्यात मिसळून खरखरीत कागदावर सोडा आणि कागद आडवा ठेवा. दाणा आपोआप खाली बसतो, तेही मिठाशिवाय.