मदत हवी आहे: वारस नोंद झाली तरी आईचं पीएम किसान मंजूर होईना

नमस्कार मंडळी, वारसाचं प्रकरण ज्यांनी करून घेतलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

वडिलांच्या नावावर सव्वादोन एकर कोरडवाहू होती, 2019 ला योजना सुरू झाली तेव्हापासून त्यांना हप्ते येत होते. 2024 च्या पावसाळ्यात वडील गेले. वारसाचा फेरफार मंजूर झालाय, सातबाऱ्यावर आई आणि आम्ही दोघं भाऊ सामाईकात लागलोय, आईचा फार्मर आयडीपण निघालाय. मग सेवा केंद्रातून आईच्या नावानं नवीन नोंदणी केली तर ती रिजेक्ट, आणि केंद्रावरचा मुलगा सांगतो की 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर झालीय म्हणून बसत नाही. पण ती अट विकत घेतलेल्या जमिनीला आहे ना? खातेदार मयत होऊन वारसानं आलेल्या जमिनीला सूट आहे असं मी वाचलंय. तहसीलला विचारलं तर कृषीकडे जा म्हणतात, कृषीत म्हणतात जमिनीचं महसूलवाले बघतात, आणि आईचे गुडघे दुखतात, तिला एसटीनं तालुक्याला किती वेळा न्यायचं.

नुसते 2000 चे तीन हप्ते जात नाहीयेत, राज्य सरकारच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच पैसेपण पीएम किसानच्या यादीवरूनच येतात, म्हणजे वर्षाचे 12 हजार गेले. पेरणीच्या टायमाला बियाणं-खताला तेवढाच हातभार असतो आणि मुख्य म्हणजे तो तिच्या स्वतःच्या खात्यात येतो, पोरांपुढे हात पसरावा लागत नाही.

अजून दोन शंका. मी पुण्यात कंपनीत आहे, इन्कम टॅक्स भरतो, त्यानं आईचं अडतं का? आणि वडील गेल्यावर एक हप्ता त्यांच्या खात्यात पडलाय, त्याचं काय करायचं?

प्रतिसाद

दादा, तुमचं वाचलेलं बरोबर आहे, वारसाला सूट आहेच. माझ्या चुलतीचं असंच अडकलं होतं. तिच्या फॉर्मात जमीन कशामुळे नावावर आली तिथं वारसाचं कारण लावलंच नव्हतं आणि फेरफार एकच जोडला होता. तुम्ही वारसाचा फेरफार, शिवाय जमीन 2019 च्या आधीपासून वडिलांच्या नावावर होती हे दाखवणारा जुना फेरफार, मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ अ सगळं एकत्र लावा. आणि तालुका कृषी अधिकाऱ्याच्या नावानं लेखी अर्ज द्या, त्यावर सहीशिक्क्याची पोच घ्याच, तोंडी बोलण्यावर कोणी काही करत नाही. हेल्पलाईन 155261 आहे, तिथंपण तक्रार टाका.

तुमच्या टॅक्सचा संबंध नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि 18 च्या आतली मुलं, तुम्ही त्यात येत नाही. वडिलांच्या खात्यातला हप्ता खर्चू नका, पोर्टलवर ऑनलाईन रिफंडचा पर्याय आहे, परत करून पावती जपा आणि त्यांची नोंदणी मयत म्हणून बंद करायला त्याच अर्जात लिहा.

आईंचं खातं आधारला डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला) जोडलंय का तेपण बँकेत बघून घ्या, नुसती केवायसी असून भागत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

खूप आभार दादा, रिफंडचं कोणीच सांगितलं नव्हतं. जुना फेरफार काढायला टाकतो. एक राहिलं, शेतातल्या कामानं आईच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत, मग ईकेवायसी कशी करायची?

प्रतिसाद

पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहऱ्यानं होते, 2023 पासून आहे ती सोय. ॲप मोबाईलमध्ये घ्या आणि आईंना उजेडात बसवून करा, घरीच होईल.