अनुभव धागा: उणे पंचवीसमधलं हार्बिन

जानेवारीत हार्बिनला जायचं घाटतंय. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंनी आजवर पाहिलेली सगळ्यात मोठी थंडी महाबळेश्वरची, आणि तिथेही पंखा बंद करण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं. चीनच्या ईशान्येला हेइलोंगज्यांग प्रांताची ही राजधानी, जानेवारीत रात्री पारा उणे 25 पर्यंत उतरतो, एवढं वाचून झालंय. बर्फाच्या महालांचे फोटोही पाहून झालेत. ज्यांनी तिथला हिवाळा अंगावर घेतलाय त्यांनी लिहा. काय घातलं, काय खाल्लं, काय अजिबात आवडलं नाही, सगळं चालेल.

मुक्काम शांघाय, मूळ चिंचवड

आधी घाबरणं सोडा. हार्बिनपेक्षा मी माझ्या शांघायच्या घरात जास्त कुडकुडते. चीनमध्ये छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या उत्तरेलाच सार्वजनिक हीटिंग आहे, शांघाय त्या रेषेच्या खाली पडतं. हार्बिनमध्ये 20 ऑक्टोबर ते 20 एप्रिल घरोघरच्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरत असतं आणि लोक घरात टी-शर्टवर बसलेले असतात.

त्यामुळे खरी पंचाईत थंडीची नाही, आत-बाहेरची आहे. दुकानात शिरलं की घामाघूम, आणि बाहेर पडलं की तोच घाम पाठीवर गार. एकच गाद्यागिरद्यांसारखा जाड कपडा घेऊ नका. पटकन उतरवता येतील असे थर घ्या: अंगालगत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर गुडघ्यापर्यंतचं पिसांचं जॅकेट. सुती बनियन तर नकोच, ते घाम धरून ठेवतं. बूट एक नंबर मोठे घ्या. घट्ट बुटात जाड मोजे कोंबले की बोटं आधी बधिर होतात.

मोबाईलचं मात्र जपा. चाळीस टक्के बॅटरी दाखवणारा फोन उणे 20 मध्ये फोटो काढता काढता डोळे मिटतो. तिकडे मेट्रोपासून भाजलेल्या रताळ्यापर्यंत सगळे पैसे फोनवरून, म्हणजे फोन गेला की पाकीटही गेलं. आतल्या खिशात ठेवा आणि थोडे युआन रोख बाळगा. कपड्यांवर चिकटवायच्या गरम पट्ट्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. कातडीवर थेट लावू नका, भाजतं. चष्मेवाल्यांनो, आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं तुम्ही आंधळे.

स्थापत्यवाला, कोल्हापूर

मी मुळात बर्फनगराचं, म्हणजे त्या बर्फाच्या महालांचं, बांधकाम बघायला गेलो होतो. बायको तिथल्या दिव्यांचे फोटो काढत होती आणि मी सांधे बघत होतो.

सगळा बर्फ सोंगहुआ नदीचा. डिसेंबरात नदी पुरेशी जाड गोठली की करवतीने आखून कापतात, माणसं लोखंडी आकड्यांनी ठोकळे पाण्यातून ओढून काढतात. हौदातल्या बर्फासारखा हा पांढरा नसतो, किंचित हिरवट-निळा आणि आरपार दिसणारा असतो. भिंत रचताना चुना-सिमेंट काही नाही. ठोकळ्याचा पृष्ठभाग तासायचा, पाणी टाकायचं, दुसरा ठोकळा बसवायचा. पाणी गोठलं की सांधा पक्का. दिवे आधीच ठोकळ्यांच्या मध्ये पोटात घालून ठेवलेले असतात, म्हणून उजेड भिंतीतूनच येतो. हे बर्फनगर 1999 पासून दर हिवाळ्यात नव्याने उभं राहतं आणि उन्हाळा आला की नदीचं पाणी पुन्हा पाणी.

त्याहून जुना खेळ चाओलिन बागेतला, 1963 पासूनचा, बर्फाच्या कंदिलांचा. मूळ कल्पना कोळ्यांची. बादलीत पाणी भरून बाहेर ठेवायचं, कडेकडेने गोठलं की मधलं न गोठलेलं पाणी ओतून द्यायचं. उरलेल्या पोकळीत दिवा लावला की वारा लागत नाही. इतकं साधं डिझाइन बघून मी तिथेच खूश झालो.

बर्फनगरात तीनच्या सुमारास शिरा. सगळ्या चीनचं घड्याळ बीजिंगचं आणि हार्बिन पार पूर्वेला, त्यामुळे जानेवारीत चारच्या आसपास सूर्य मावळतो. उजेडात कारागिरी दिसते, लगेच दिवेही दिसतात. घसरगुंडीच्या रांगेत मात्र उभं राहणं मला जमलं नाही.

एमबीबीएसवाली, मूळ नांदेड

मी तिथे पर्यटक नव्हते, शिकायला होते, पण पहिला हिवाळा तो पहिलाच. बाहेर पडल्यावर पहिला श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात, ती जाणीव आधी विचित्र वाटते आणि मग सवयीची होते. हॉस्टेलच्या दोन खिडक्यांच्या मधली फट हा आमचा फ्रीज.

फुटपाथवर काळीकुट्ट, दगडासारखी कडक फळं विकायला असतात. ती गोठवलेली नासपती. तशीच चावायला गेलात तर दात जाईल. थंड पाण्यात बुडवून ठेवायची. थोड्या वेळाने फळातला गारठा बाहेर येतो आणि त्याच्याभोवती काचेसारखं बर्फाचं कवच धरतं. ते फोडायचं, आतलं फळ मऊ झालेलं असतं, साल थोडी कुरतडून रस ओढून घ्यायचा. जेवणानंतर याला तोड नाही. साखरेच्या पाकातली लाल फळं काडीवर मिळतात, तीही खा. आइस्क्रीम तर चोंगयांग रस्त्यावर उघड्या खोक्यांत ठेवून विकतात, फ्रीजची गरजच काय!

अजून एक सांगते, सहलवाले हे दाखवत नाहीत. 1910-11 च्या हिवाळ्यात याच शहरात फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार माजला होता. पेनांगमध्ये जन्मलेले डॉ. वू ल्येन-ते यांनी ओळखलं की हा उंदीर-पिसवांचा नाही, श्वासातून पसरणारा प्लेग आहे, आणि कापूस-जाळीचे मास्क लावायला लावले. एका फ्रेंच डॉक्टरांना हे पटलं नाही, त्यांनी मास्क न लावता रुग्ण तपासले आणि ते प्लेगनेच गेले. जमीन इतकी गोठलेली की खड्डे खणता येईनात, हजारो प्रेतं उघड्यावर. शेवटी बादशहाची परवानगी काढून सामूहिक दहन केलं. चीनमध्ये त्या काळी ही भलतीच मोठी गोष्ट होती. दाओवाय भागात वूंच्या नावाचं स्मारक आहे. साथरोगांच्या ज्या विषयाच्या परीक्षेला आम्ही घाबरायचो तो विषय त्या गल्ल्यांत घडला होता.

ठाणेकर, थोडा वेगळा सूर

सगळे कौतुक करतायत म्हणून लिहितो. बर्फनगर मला जत्रेइतकंच भावलं. गर्दी, भोंगे, प्रत्येक बुरुजापुढे सेल्फी. वाघांच्या उद्यानात बंद गाडीतून वाघ बघताना तर मन लागलंच नाही.

सोफिया चर्च मात्र थांबून बघा. रशियनांनी 1898 पासून इथून रेल्वे टाकली आणि शहर वाढलं. चर्चची सुरुवात 1907 ची, आजची इमारत 1932 मध्ये पुरी झाली. हिरवा घुमट, लाल विटा, आजूबाजूला बर्फ.

आणि फिंगफांगला जा. युद्धकाळात जिवंत माणसांवर प्रयोग करणाऱ्या जपानी सैन्याच्या युनिट 731 या तुकडीचं संग्रहालय तिथे आहे. कैद्यांचे हात उघड्या थंडीत गोठवून हिमबाधेचे प्रयोग केले गेले, ते वाचताना स्वतःच्या हातमोज्यांकडे बघवत नाही. लहान मुलांना नेऊ नका.

आईबरोबर गेलेली, सांगली

धागाकर्तीच्या सासूबाईंसाठी: माझी आई सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. तिला थंडी बाधली नाही, घसरण बाधली. फुटपाथवर दाबून बसलेला बर्फ असतो. बुटांवर चढवायचे रबरी काटे घ्या, आणि चालताना पावलं छोटी, पाय सपाट. हात खिशात नको, तोल गेला तर टेकायला हवेत.

सोंगहुआच्या काठी बर्फ कापून केलेल्या हौदात सत्तरीचे आजोबा लंगोटीवजा चड्डीवर उडी मारताना आईने पाहिले. ‘ह्यांच्या घरी कोणी विचारणारं नाही का गं?’ एवढंच म्हणाली, आणि पुढचा सबंध दिवस शाल मागितली नाही.

धागाकर्ती

वाचून धीर आला. सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांचं काय?

एमबीबीएसवाली

‘दी सान श्यान’ मागा. बटाटा, वांगं, ढोबळी मिरची तळून परततात. काकूंना वांग्याची भाजीच वाटेल. आधी ‘वो छ्र सू’ (मी शाकाहारी आहे) सांगा, नाहीतर वर खिमा टाकून देतील. मोठा गोल रशियन पाव सगळीकडे मिळतो, त्याच्याबरोबर घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी झकास लागते.

मुक्काम शांघाय

तारखा ठरवताना चिनी नववर्षाचा आठवडा टाळा, हॉटेलं दुप्पट-तिप्पट होतात. बीजिंगहून जलदगती रेल्वेने पाचेक तासांत पोचता येतं, खिडकीतून बर्फ कुठे सुरू होतो तेही दिसतं. आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धावर विसंबू नका, ऊन वाढलं की बर्फनगर बंद करतात.