प्रेरणेआधी हे विचारा

नवोदित लेखकांना 'प्रेरणा कुठून मिळते' हेच विचारावं, असं कुणीतरी म्हटलंय. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. उत्तर ठरलेलं येतं: दुष्काळ, आई, शेत. त्यापेक्षा पहिलं लिखाण कुणाला वाचून दाखवलं, ते विचारा. बीडकडच्या एका मुलीला मी विचारलं, तर ऊसतोडीच्या फडावरच्या कोपीतल्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीतल्या रात्रींबद्दल ती तासभर बोलली. तिनं कथेत 'कर्ज' लिहिलं होतं. ऐकता ऐकता आजी म्हणाली, "कर्ज काय गं, उचल म्हण." उचल म्हणजे ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे. तिथून तिची भाषाच बदलली.

गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवताना लेखक-वाचक मेळावेही भरवले, ते याचसाठी मोलाचे वाटतात. नव्या लेखकाला समोर बसून ऐकणारं माणूस मिळायचं. आज तालुक्याच्या वाचनालयांत निदान महिन्यातून एकदा असं बसायला हवं.