माळ्यावरची गिटार साफ करायचीय, बजेट ५००

इंदिरानगरची_ताई
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून दादाची गिटार निघाली. यामाहा एफ-३१०, कॉलेजात असताना २००९ ला घेतलेली. रेक्झिनच्या कव्हरात सहा पावसाळे पडून होती. कव्हरला आतून पांढरी बुरशी आलीय, तारा गंजल्यात, बोटं ठेवायच्या काळ्या पट्टीवर हिरवट मळाचे थर. पुढच्या बाजूला कॉलेजच्या गॅदरिंगचा स्टिकर, अर्धा निघालेला. दादा धनत्रयोदशीला बंगळुरूहून येतोय, तोवर चकाचक करायचीय. मला वाजवता येत नाही. बजेट ५००, त्यापुढे एक रुपया नाही. घरात पितांबरी, खोबरेल, व्हिनेगर आणि बाबांचा जुना सुती पंचा आहे. यातलं काय चालेल?

पंचवटी_एक्सप्रेस
५०० मध्ये हल्ली दोघांची मिसळ होते, गिटार नाही. मी दीड हजारांचा क्लीनिंग किट घेतला. तीन बाटल्या, दोन फडकी, वर एक डबी. तोच घ्या, डोक्याला ताप नाही.

सातपूरकर
किट-बिट काही लागत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये बफिंग व्हील आहे, घासून चकाकी आणायचं फिरतं चाक. मी माझी गिटार रविवारी नेऊन कंपाउंड लावून बफ केली. आरसा झाली आरसा, दाढी करता येते बघून. या रविवारी अंबडला घेऊन या, पैसे नको.

बी_मायनर
ताई, व्हीलपाशी अजिबात नेऊ नका. आणि पितांबरी देवघरातच राहू द्या, ती पितळेसाठी.

आधी बुरशी. गिटार गच्चीत किंवा बाल्कनीत न्या, सावलीत. नाकाला रुमाल बांधा. पंचा ओला करून घट्ट पिळा, इतका की हाताला फक्त गार लागेल, आणि पुसा. लगेच कोरड्या फडक्याने परत पुसा. कव्हर वेगळं उन्हात टाका, गिटार उन्हात नाही.

मग तारा. खुंट्या फिरवून आधी पूर्ण सैल करा. ताणलेली तार कापली तर सपकन तोंडावर येते.

देवळालीचा_वारा
सगळ्या तारा एकदम काढू नका हं!! मान मागे वाकते. एक काढा, पुसा, लावा, मग दुसरी. मला माझ्या सरांनी सांगितलंय.

बी_मायनर
ही समजूत जुनी आहे. मानेत आतून लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. दोन-चार तास बिनतारांची राहिली तर काही होत नाही. सगळ्या काढल्याशिवाय पट्टी नीट साफ होणारच नाही.

देवळालीचा_वारा
सर ३० वर्षं शिकवतायत.

बी_मायनर
असतील. तरीही सळई आहे.

तंबोरा_काका
आमच्या मिरजेच्या तंबोऱ्याला लाखेचं पॉलिश असतं. वर्षातून एकदा कारागिराकडून हात फिरवून घेतला की झालं. गिटारीलाही तेच करावं. फर्निचरचं फ्रेंच पॉलिश करणारा कोणीही करून देईल.

सातपूरकर
काका, एफ-३१० वर पॉलीयुरेथेन मारलेलं असतं. त्यावर लाख कशी बसणार?

तंबोरा_काका
लाख सगळ्यावर बसते. आमच्या वेळी पॉली-बिली नव्हतं.

बी_मायनर
काकांचं एक बरोबर आहे. उत्तम क्लासिकल गिटारींना अजूनही लाखेचं फ्रेंच पॉलिश करतात. पण ही ती नाही. ही चकचकीत प्लास्टिकसारख्या थराची आहे, म्हणून पुसायला सोपी. लाखेची असती तर स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागताच थर विरघळला असता. बॉडी मॅट असती तरी मी सांगितलं असतं की पॉलिश लावूच नका. मॅटवर घासलं की तेवढाच तुकडा चकाकतो, आणि तो परत मॅट होत नाही.

गंगापूर_रोडवरून
माझी कहाणी ऐका. मेमध्ये सोमेश्वरला गेलो, गिटार गाडीत मागच्या सीटवर, काचा बंद. धबधब्याला पाणी नव्हतंच, तरी दोन तास बसलो. परत आलो तर ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची खालची लाकडी पट्टी, मागून उचलला गेलेला, खाली पोस्टकार्ड सरकेल इतकी फट. उन्हाने डिंक मऊ पडतो आणि तारा ओढतच असतात. दुरुस्तीवाल्याने गिटारीच्या किमतीच्या निम्मे घेतले.

पंचवटी_एक्सप्रेस
त्या साफसफाईबद्दल विचारतायत.

गंगापूर_रोडवरून
स्टिकर काढायला हेअर ड्रायर लावतीलच की, म्हणून सांगतोय. ब्रिजपासून लांब धरा.

चिमणी
काळ्या पट्टीला खोबरेल लावा ताई. आमच्याकडे पाट, लाटणं, सगळ्याला तेच.

बी_मायनर
खोबरेल नको. नाशिकच्या थंडीत बाटलीत गोठतं ना, तसंच लाकडाच्या रंध्रांत गोठेल. शिवाय काही महिन्यांनी खवट वास येतो. किटमध्ये लेमन ऑइल म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा वास घातलेलं मिनरल ऑइल असतं. औषधाच्या दुकानात 'लिक्विड पॅराफिन' मागा. तेच, स्वस्तात. पूर्ण पट्टीला चार-पाच थेंब बास. दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढा, पट्टी तेलकट राहता कामा नये. तुमची पट्टी उघड्या लाकडाची आहे म्हणून हे चालतं. मेपलच्या पट्टीवर लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा, थर असतो, तिथे तेल लावून उपयोग नाही.

तेलाआधी मळ. जुनं एटीएम कार्ड घ्या आणि फ्रेटच्या कडेने, धातूच्या पट्टीला लागून, हळू ओढा. हिरवट काळी वळकटी निघेल. तो घाम आणि तारांचा मळ. फ्रेट काळे असतील तर '००००' नंबरची स्टील वूल. हार्डवेअरवाल्याकडे हाच नंबर मागा, भांडी घासायची तारेची घासणी आणू नका. फ्रेटच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, आणि मधलं भोक कागदाने बंद.

चिमणी
पाट अजून खवट झाला नाही आमचा.

मेनरोडचा_मन्या
आतली धूळ राहिली! मूठभर कच्चे तांदूळ भोकातून आत टाका, गिटार हलवा, उलटी करून बाहेर काढा. धूळ, जाळी, झुरळाची अंडी, सगळं चिकटून येतं.

देवळालीचा_वारा
इंद्रायणी नको. चिकट.

मेनरोडचा_मन्या
कच्चा म्हणालो मी. कच्चा इंद्रायणी कुठे चिकटतो?

देवळालीचा_वारा
आमची इगतपुरीला शेती आहे. तांदूळ आम्हाला शिकवू नका.

सातपूरकर
मूळ मुद्द्यावर या. मला कोणी सांगेल का, बफ केल्यावर कडेला पिवळसर पट्टा आलाय, तो कशाने जाईल?

बी_मायनर
जाणार नाही. व्हीलने घासून थर पातळ झालाय, खालचं लाकूड दिसतंय.

सातपूरकर
लांबून दिसत नाही म्हणा.

पंचवटी_एक्सप्रेस
आणि ताई, तारा कोटेडच घ्या. हजाराच्या वर जातात, पण गंजत नाहीत. माझ्या दोन वर्षं टिकल्या.

गंगापूर_रोडवरून
वाजवल्याच नाहीत तर टिकणारच.

बी_मायनर
साध्या फॉस्फर ब्रॉन्झ घ्या, ११ किंवा १२ च्या (हा जाडीचा नंबर). बजेटमध्ये बसतील. ब्रिजच्या पिना पकडीने ओढू नका, तुटतात. भोकातून हात घालून आतून नाण्याने वर ढकला. स्टिकरचा डिंक उरला तर निलगिरी तेलाचा एक थेंब फडक्यावर, आधी मागच्या बाजूला कुठेतरी लावून बघा. व्हिनेगर भाजीला ठेवा. फर्निचरचा स्प्रे तर नकोच, त्यातलं सिलिकॉन बसलं की उद्या कुणी दुरुस्ती करायला गेला तर तो शिव्या देईल.

इंदिरानगरची_ताई
सगळ्यांचे आभार. काल दिवसभर तेच केलं, हिशेब देते. तारा ३६०, लिक्विड पॅराफिन ५५, मास्किंग टेप ३०. स्टील वूल वरच्या मजल्यावरच्या काकांकडे होती. पंचा घरचा.

एटीएम कार्डाने मळ निघतो हे खरं वाटलं नव्हतं. पहिल्या तीन फ्रेटपाशी इतका निघाला की मी आईला बोलावून दाखवला. पुढे बाराव्यानंतर पट्टी कोरी करकरीत. म्हणजे दादा तिकडे कधी गेलाच नव्हता.

तांदूळही टाकले. तांदळाबरोबर तारा छेडायचे दोन प्लेक्ट्रम आले आणि एसटीच्या सिटी बसचं एक तिकीट, घडी घातलेलं. शाई उडालीय, पण स्टॉपचं नाव निमाणी एवढं वाचता येतं.

आता रागावू नका. स्टिकरला ड्रायर लावला, एक कोपरा उचलला, तर खालचं लाकूड पांढरं आणि बाजूचं मधासारखं पिवळं झालेलं. पूर्ण काढला असता तर स्टिकरच्या आकाराचा डाग कायमचा राहिला असता. डिंक अजून ओलसर होता, तसाच परत दाबून बसवला. पॉलिश काहीच लावलं नाही. आणि तारा आणल्यात पण लावल्या नाहीत, पाकीट गिटारीच्या कव्हरात ठेवलंय, तिकिटासकट. दादा लावेल आल्यावर.

पंचवटी_एक्सप्रेस
मग आम्ही इतकं लिहिलं कशाला?

बी_मायनर
उन्हाने वरचं लाकूड गडद होतं, स्टिकरखालचं राहतं. बरं केलंत. फक्त कव्हर पूर्ण सुकलंय ना ते बघा, आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, बुटांच्या खोक्यातल्या चालतील.

सातपूरकर
रविवारी आणली असती तर डागही गेला असता.

देवळालीचा_वारा
तांदूळ कुठला वापरला?

इंदिरानगरची_ताई
कोलम.

देवळालीचा_वारा
म्हणूनच निघाला.