मे महिन्यात, उघड्यावर, भवभूती? कॉलेजच्या नाट्यमहोत्सवाला वर्गणी द्यावी का

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)
गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एकच सिनियर कॉलेज आहे. तिथल्या मराठी विभागानं यंदा घाट घातलाय: मेच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजच्या मैदानावर तीन रात्री तीन जुनी नाटकं. संस्कृत नाटककार भवभूतीचं 'उत्तररामचरित' मराठीतून, देवलांचं 'शारदा', गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. तिकीट नाही. नट म्हणजे पोरं-पोरी, सोबत झाडीपट्टीतले, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या नाटकांतले, काही जुने कलावंत. माजी विद्यार्थ्यांकडे वर्गणी मागितली आणि गावात दोन तट पडले. मी देणाऱ्यांतला.

'हे पुण्या-मुंबईचं खूळ' असं जो तो म्हणतोय, म्हणून लिहितो. भवभूती आपलं गाव पद्मपूर सांगतो, आणि ते गोंदिया जिल्ह्यातलं आमगावजवळचं पदमपूर असं अभ्यासक मानतात. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'तली मालविका विदर्भाची राजकन्या. त्या नाटकात शेवटी विदर्भाचे दोन वाटे होतात, मध्ये हद्द वरदा नदीची, म्हणजे आपल्या वर्धेची. गडकरी तर १९१९ साली नागपूरजवळच्या सावनेरलाच वारले. परकं काय आहे यात?

फळीवरचा
भाऊ, सारं खरं हाय, पन मे मयन्यात गावात रायते कोन? बिडीच्या तेंदूपानाचा हंगाम. पहाटं अंधारात बायामानसं जंगलात, दुपारभर पुडे बांधनं, सांजच्याले फळीवर, म्हंजे पुडे इकत घेतेत तिथं, रांग. वर्षाच्या तेलमिठाचे पैसे त्याच पंधरा दिवसांत येतेत. रातच्या नवाले भवभूती पाहाले कोन येईन? प्राध्यापक आन् त्यायच्या बायका. वर्गनी देत नाई. दिवारीनंतर करा, दुप्पट देतो.

जुना पेटीवाला
दिवारीनंतर आमाले वेळ नाई गा! भाऊबीजेची मंडई, म्हंजे जत्रा, लागली का होळीवरी वडसाच्या नाटक कंपन्या रोज नव्या गावात. मी २८ वर्षं पायपेटी वाजवली, हंगामात घरचं जेवन माहीत नाई. मेमधीच आमी रिकामे बसतो. पोरायले नाट्यपद शिकवाचं असंन तं आताच.

एक मातर सांगतो. पत्रिकेवर 'अभिजात रंगभूमी' छापलं म्हने, आन् आमचं नाव खाली 'सहकार्य' म्हनून. झाडीपट्टीचं मानूस रातभर नाटक पाहून पहाटं थेट वावरात जाते. पद जमलं नाई तं तोंडावर सांगते. त्याले अभिजात कोनी शिकवाव?

नागपूरवासी
पत्रिकेचं बरोबर आहे, बदला ती. माझा प्रश्न वेगळा. 'उत्तररामचरिता'च्या दुसऱ्या अंकात राम दंडकारण्यात येतो तो शंबूकाला मारायला. गुन्हा काय, तर शूद्र असून तप केलं. ज्या कॉलेजात निम्म्याहून जास्त पोरं आदिवासी आणि मागासवर्गीय, तिथं हे कसं दाखवणार? मुकाट्यानं कापणार? कापलं तर लबाडी, दाखवलं तर टाळ्या कुठं पडतील याची मला भीती वाटते. मुख्य म्हणजे ही नाटकं निवडली कोणी? पोरांना विचारलं होतं का?

तिसऱ्या वर्षाची
विचारलं नव्हतं. नंतर आम्हीच भांडलो. सर तो प्रवेश गाळणार होते, 'वाद नको' म्हणून. आम्ही म्हटलं, राहू द्या. नीट वाचा तो. रामाचा हात उचलत नाही. तो आपल्याच उजव्या हाताला टोचून बोलतो, की गरोदर सीतेला ज्या रामानं घालवलं त्याचा तू हात, तुला कुठली दया? मारणाऱ्याला आपण काय करतोय ते कळतंय, तरी तो मारतो. पुढं भवभूती शंबूकाला दिव्य पुरुष करतो आणि तोच रामाला जंगल दाखवतो. मला ती पळवाट वाटते. शंबूकाचं काम करणारा आमचा मित्र म्हणतो, 'मी दिव्य झाल्यावर हसणार नाही, एवढं ठरलं.' सर अजून हो म्हणाले नाहीत, पण आम्ही तालीम तशीच करतोय.

नागपूरवासी
हे आधी सांगितलं असतं तर एवढं लिहिलं नसतं. पाहायला येईन. वर्गणीचं नंतर बघू.

बचतगटाची ताई
माझं भांडण 'एकच प्याला'शी आहे. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी, आणि ती किती पाळली जाते ते आम्हाला विचारा. गावातल्या बायांनी मोहाच्या सडव्याची मडकी फोडली, शिव्या खाल्ल्या, ठाण्यात जाऊन बसलो. आणि स्टेजवर सिंधू दारुड्या नवऱ्याचं सारं सोसत मरते. माझी आजी ते पाहून रडायची. मला राग येतो. 'शारदा' चालेल. म्हाताऱ्याच्या गळ्यात पोर बांधायचं थांबलं ते त्या नाटकानं, शारदा कायदाही त्यावरूनच आला.

वैनगंगाकाठ
ताई, एवढं दुरुस्त करतो: १९२९ चा तो कायदा हरबिलास सारडांच्या नावाचा. नाटक १८९९ चं. नावं जुळली म्हणून अर्धा महाराष्ट्र ही गफलत करतो, मीही करत होतो. सिंधूचं मात्र तुमचं पटलं. पण राग येतो म्हणूनच दाखवा ना. प्रयोगानंतर तुम्हीच माइक घ्या.

बचतगटाची ताई
माइक घेईन. मग रडगाणं झालं की लोक उठून जातील, त्यांना बसवायची जबाबदारी तुमची.

फळीवरचा
माइक कोनता? रातच्या दहाले भोंगा बंद. उन्हाची धग आठवरी जात नाई, ब्रह्मपुरीत पारा ४६ च्या वर जाते तशी गत इथंबी. उरले दोन तास. सात अंक कसे बसवता? त्यात अवकाळी आला तं पडदे उडून जातेत.

जुना पेटीवाला
दहानंतर बिनमाइकचं करा. जुने नट काय माइक घेऊन जन्मले होते? मैदानाच्या उतारावर लोक बसवले तं आवाज पोचते. माइकच्या पैशात पान्याचे रांजन भरून ठेवा.

तिसऱ्या वर्षाची
काका, सीता मी आहे. तिसऱ्या अंकात ती रामाला दिसतच नाही, नुसता हात लागल्याचं त्याला कळतं. तिथं हळू बोलावं लागतं. माइक नसला तर मागच्याला ऐकू कसं जाणार?

जुना पेटीवाला
हळू म्हंजे बारीक आवाज नाई बाई. पोटातून काढाचा असते तो, शिकवतो. सोमवारी येतो पेटी घेऊन. हॉलमधी पंखा चालू हाय ना?