नववी-दहावीच्या मुलांनाही एसटीचा पास मोफत मिळायला हवा

माळरान:
ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्याही मुलींसाठीच सुरू झाल्या. हे सगळं राहिलंच पाहिजे. माझा प्रश्न मुलांचा आहे. त्यांना भाड्याचा एक तृतीयांश हिस्सा आगाऊ भरून सवलतीचा पास काढावा लागतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार राज्यात पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी. आठवीनंतर हा कायदा संपतो आणि नेमकी तिथूनच शाळा लांब जाते. जूनमध्ये बियाणं, खत, वह्या-पुस्तकं सगळं एकदमच येतं. मजुरीवर चालणाऱ्या घरात तेव्हा पोराचा पास मागे पडतो. मग तो फाट्यावर उभा राहतो, मिळेल त्या टमटमला लोंबकळतो, नाहीतर चार दिवस कुणाच्या तरी शेतात कामाला जातो. या मुलांनाही शाळा किती लांब आहे एवढंच बघून मोफत पास द्या.

सुनंदाताई:
दादा, मुलींचा पास मोफत आहे तो नुसत्या अंतरासाठी नाही. पैसे भरायची वेळ आली की घरात पहिली शाळा सुटते ती मुलीची. मुलगा सायकल काढतो, मित्राच्या मागे बसतो, उशीर झाला तरी कुणी बोलत नाही. मुलगी अर्धा तास उशिरा आली तर दुसऱ्या दिवशी तिला पाठवायचं की नाही यावर घरात बोलणी होतात. आणि गाडी तर एकच. सकाळची फेरी आधीच दारापर्यंत भरलेली असते, त्यात मुलांची गर्दी वाढली तर मधल्या थांब्यावरच्या मुली राहणार. आधी फेऱ्या वाढवा, मग बोला.

माळरान:
ताई, ती मुलं आजही त्याच गाडीत असतात, पैसे देऊन. गर्दी वाढेल ती जी आज येतच नाहीत त्यांची. ती मुलं शाळेत यावीत म्हणून तर हे मागतोय.

शाळेतला लिपिक:
पासाचे फॉर्म माझ्याच हातून जातात. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्त्याची तरतूद आता माध्यमिकलाही आहे, वर्षाला ६००० रुपयांपर्यंत. पण भत्ता म्हणजे खर्च आधी पालकाने करायचा, पैसे नंतर मिळणार. हातात आलेला पास पोराला दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवतो, त्यामुळे मी पासाच्या बाजूने आहे. अंतराच्या निकषाची मात्र मला धास्ती वाटते. मोजणी गाव ते गाव होते आणि निम्मी मुलं वस्तीवर राहतात. गावातून शाळा ४ किलोमीटर, वस्तीवरून ६. मध्ये ओढा आला तर पावसाळ्यात वळसा घालून आणखी जास्त. कागदावर सगळेच ४ मध्ये बसतात.

पाटीलवाडी:
म्हणूनच माझा विरोध आहे. मुलीला आज शाळेच्या दाखल्यावर पास मिळतो. अंतराची अट आली की ग्रामसेवकाचा दाखला आला, पडताळणी आली, हेलपाटे आले. अर्ध्या किलोमीटरवरून नाव कापलं जाईल, आणि ते नेमकं ज्याला तालुक्याला खेटे घालायला वेळ नाही त्याचंच. मुलांना द्यायचा तर सरसकट द्या. नाहीतर आहे तेच नीट चालवा.

माळरान:
सरसकट दिला तर मला हवाच आहे. पण सरकार खर्चाचं कारण पुढे करणार हे धरून मी अंतर म्हटलं. मुलींच्या पासाला कसलीही नवी अट नको. नव्याने येणाऱ्या मुलांसाठी अंतर वस्तीपासून, बारमाही रस्त्याने मोजा आणि मुख्याध्यापकांचा दाखला पुरेसा धरा. कोण कुठून येतं हे वर्गशिक्षकाला ठाऊक असतंच.

सुनंदाताई:
मुलींच्या पासाला हात लागणार नसेल तर माझी हरकत नाही. पण वेळापत्रकाचं काय? दहावीचे जादा तास सुटतात तेव्हा आमच्याकडची शेवटची गाडी निघून गेलेली असते. पास खिशात असून मुलींना तास बुडवावा लागतो, उद्या मुलांनाही बुडवावा लागेल. आगारात अर्ज द्यायचा तर ही मागणी त्यात पहिली घाला, सही मी करते.